दादा, कॅश आहे का?

ओळखीतले दोघंतिघं गेल्या महिन्याभरात विचारून गेले की आम्हीपण ते आधारवर पैसे काढून द्यायचं अंगठ्याचं मशीन घेऊ का, कसं असतं, किती सुटतात. प्रत्येकाला चहा पाजून तेच तेच सांगायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, मग ज्याचं त्यानं ठरवा.

माझं दुकान अप्परला. बिबवेवाडीच्या वरचं अप्पर इंदिरानगर, पण पुण्यात नुसतं अप्पर म्हटलं की पुरतं. झेरॉक्स, रिचार्ज, पासपोर्ट फोटो आणि काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात ते मशीन. कागदावर मी बीसी एजंट म्हणजे बिझनेस करस्पॉंडंट, बँकेच्या वतीनं शाखेबाहेर काम करणारा, पण इथं असलं कोण म्हणतंय, सगळ्यांसाठी मी अंगठ्यावाला. आण्णांच्या काळात याच गाळ्यात पिवळा पीसीओ होता तेव्हा ते फोनवाले होते. आमच्या घराण्याला नाव मशीनवरूनच पडतं बहुतेक.

खरं म्हणजे आण्णांनीच हे आधी करून बघितलं होतं. २०१४-१५ च्या सुमाराला व्होडाफोनचा डिस्ट्रिब्युटर एम-पेसाचा लाल बोर्ड लावून गेला होता आणि केनियाच्या गोष्टी सांगायचा, की तिकडं सफारीकॉमनं २००७ ला हे चालू केलं आणि आता टपरीटपरीवर माणसं नोटा देऊन फोनमध्ये पैसे भरतात आणि फोनमधले देऊन नोटा नेतात, टपरीवालाच बँक. आण्णा खूश. पण तिकडं बँकेच्या आधी फोन पोचला होता, इकडं तेवढ्यात जनधन खाती निघाली, आधार खात्याला जोडलं गेलं, २०१६ ला यूपीआय आलं, आणि पैसे खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात जायला लागल्यावर मधलं वेगळं पाकीट कोण भरत बसणार. २०१९ पर्यंत एम-पेसा इथून गुंडाळलं गेलं. बोर्ड अजून आहे, झेरॉक्स मशीनच्या वर पत्रा गळतो तिथं आडवा लावलाय, पावसाळ्यात कामाला येतो.

मी चालू केलं त्याच वर्षी, २०१९ च्या दिवाळीनंतर. कागदपत्रांचं फार नाही सांगत, आधार, पॅन, शॉप ॲक्ट, कॅन्सल चेक, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि आयआयबीएफ या बँकिंगच्या संस्थेची एक परीक्षा असते ती. मी हौसेनं मराठीतून दिली आणि "आवर्ती ठेव" वाचून दोन मिनिटं बसून राहिलो, आयुष्यभर आरडी म्हणत आलेला माणूस मी. शेवटी दुकानात उभं राहून फोटो आणि लोकेशन टाकायचं, म्हणजे मशीन दुसरीकडं नेऊन वापरता येत नाही. ठसा घ्यायचं डिव्हाइस आपल्या पैशानं घ्यायचं, आणि मध्ये नियम बदलला की जुनं भंगारात आणि नवीन घ्या, माझं दोनदा झालंय.

आता काम काय ते समजून घ्या कारण सगळी मेख तिथंच आहे. गिऱ्हाइकानं आधार नंबर सांगायचा, बँक सांगायची, बोट लावायचं, एका वेळी जास्तीत जास्त १०,०००. त्याच्या खात्यातून पैसे कट होऊन माझ्या पोर्टलच्या वॉलेटमध्ये येतात आणि मी माझ्या गल्ल्यातून नोटा देतो. म्हणजे नोटा बँकेच्या नाहीत, माझ्या! हे लोकांना कधीच पटत नाही, त्यांना वाटतं मशीनच्या मागं कुठंतरी नोटांचा डबा आहे. सकाळी गल्ला भरलेला आणि वॉलेट रिकामं, संध्याकाळी वॉलेट फुगलेलं आणि गल्ल्यात दहा-वीसच्या चार नोटा. कमिशन म्हणाल तर १५०० रुपयांवर मला चार-साडेचार रुपये सुटतात, तीन हजारांच्या पुढं आठ-दहा. काहीजण वरून गिऱ्हाइकाकडून वीस रुपये घेतात, ते घ्यायचे नसतात, मी घेत नाही. (दुसऱ्या एका कामात घेतले होते, त्याची शिक्षा पुढं येतेच आहे.)

आणि रोज सकाळी आणि पैसे काढायच्या प्रत्येक व्यवहाराला माझापण ठसा लागतो. थंडीत माझाच अंगठा लागत नाही, बाहेर बायका उभ्या आणि मी आत अंगठ्याला व्हॅसलीन चोळतोय.

बोटांवरनं आठवलं. इथल्या निम्म्या बायका धुण्याभांड्याची कामं करतात, पुरुष मार्केट यार्डात हमाली नाहीतर बांधकामावर, या लोकांची बोटं पार घासून गेलेली असतात, विम आणि सिमेंट दोघं मिळून रेषा खाऊन टाकतात. एक आजी आहेत, सत्तरीच्या, सहा घरची भांडी केलेल्या. त्यांचा उजवा अंगठा लागतच नाही. मग पदराला पुसायचं, कपाळावर घासायचं म्हणजे जरा तेलकटपणा येतो, मशीनच्या काचेवर हाऽ करून वाफ सोडायची. त्यांचं डावं मधलं बोट तिसऱ्यांदा लागतं हे मला आता पाठ आहे, मी सरळ तेच मागतो.

गेल्या वर्षी एकदा लागलं, गोल फिरत राहिलं आणि फेल. दुकानात नेट आहे, त्यांच्या बँकेचा सर्व्हर नाही. आजी म्हणाल्या जाऊ दे उद्या येते, आणि संध्याकाळी नातीला घेऊन हजर, नातीच्या फोनवर मेसेज, १५०० कट. आजींच्या डोक्यात हिशोब सरळ होता, खात्यातून गेले, मशीन तुझं, म्हणजे तुझ्याकडं. माझ्या वॉलेटला दमडी आली नव्हती. आता यात रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे की असे अडकलेले पैसे पाच दिवसांत परत जमा झाले पाहिजेत, नाहीतर पुढं दिवसाला शंभर रुपये भरपाई, मी तो त्यांना वाचूनपण दाखवला. आजी शांतपणे ऐकून म्हणाल्या, "पाच दिवस खायचं काय ते पण लिहिलंय का त्यात?" गल्ल्यातून १५०० काढून दिले आणि वहीत लिहिलं. चौथ्या दिवशी पैसे परत आले, पाचव्या दिवशी आजी आल्या, मधलं बोट लावलं, १५०० काढले, ओल्या हातानं माझ्यासमोर मोजले आणि माझ्याच गल्ल्यात ठेवून गेल्या. आणि जाताना म्हणाल्या, मशीन बदल.

गर्दीचं म्हणाल तर पहिली मोठी गर्दी लॉकडाऊनमध्ये बघितली, एप्रिल २०२० ला जनधनच्या बायकांना महिना ५०० रुपये तीन महिने आले तेव्हा. दुकानासमोर चुन्यानं गोल काढले होते. पण खरी परीक्षा झाली ती ऑगस्ट २०२४ ला. लाडकी बहीण. मोठा कार्यक्रम १७ तारखेला बालेवाडीला झाला पण पैसे १४ पासूनच पडायला लागले होते, जुलै-ऑगस्टचे मिळून ३०००, राखीपौर्णिमा १९ ला, त्यामुळं काढायचे म्हणजे आजच काढायचे. पैसे कुठं पडलेत हेच निम्म्या जणींना माहीत नाही, कारण फॉर्ममध्ये कुठलंही खातं लिहा, पैसे आधार ज्या बँकेला शेवटचं सीड झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, तिथं जातात. मग मी एकेक बँक निवडून बॅलन्स बघत बसायचो, ही नाही, ती नाही, आणि मग २०१४ ला कुठल्यातरी कॅम्पमध्ये उघडलेलं जनधन खातं निघायचं जे ती बाई केव्हाच विसरून गेलेली. एका ताईंच्या अशा खात्यात आधीचेच ४,६०० निघाले, गॅसच्या सबसिडीचे साठलेले, त्या स्टुलावर बसूनच राहिल्या.

१४ ला सकाळी माझ्याकडं ४०,००० रोख होते, साडेअकराला संपले. दुसऱ्या दिवशी १५ ऑगस्ट, बँका बंद. माझं कार्ड, बायकोचं कार्ड, मेहुण्याचं कार्ड, तिन्हींची दिवसाची लिमिट होईपर्यंत एटीएमला खेपा घातल्या, तिसरं एटीएम तर माझ्याच हातून रिकामं झालं. वॉलेटला लाखाच्या वर पैसे आणि दारात रांग. त्यादिवशीपासून लोक नमस्कारसुद्धा करत नाहीत, लांबूनच, "दादा, कॅश आहे का?"

मी काहीजणींना म्हटलं पण, की ताई तुमच्याकडं फोन आहे, दुकानदार सगळे स्कॅन घेतात, काढताय कशाला. त्यावर एकीनं जे सांगितलं ते कुठल्या जाहिरातीत नसतं. म्हणाली, "फोन मालकांकडं असतो, मेसेज त्यांना जातो. इथून काढून नेले की तांदळाच्या डब्यात असतात, तिथं ते बघत नाहीत." तेव्हापासून मी हा सल्ला देणं बंद केलं.

बरं नोटा आणायच्या कुठून, तर इथं धंद्याचं गणित आधी वेगळं होतं. आमच्याकडं नुसतं पैसे काढणं नव्हतं, पाठवणंपण होतं. बिहार, यूपी, झारखंडची पोरं बांधकामावर, रविवारी हातात रोख पगार घेऊन यायची आणि गावाकडं पैसे पाठवायची, एका वेळी पाच हजार, शेकडा एक रुपया. त्यांच्या नोटा माझ्या गल्ल्यात यायच्या, त्याच मी सोमवारी मावशींना द्यायचो. इकडून भरलं, तिकडून काढलं, बँकेची पायरी चढायची गरज नाही. मग पोरांनी स्वतःच फोनवरून पाठवायला सुरुवात केली, मुकादमपण पगार फोनवरच टाकायला लागला. उरलेसुरले नोव्हेंबर २०२४ च्या नव्या केवायसी नियमांनी गेले, ओटीपी, आधार, ठसा, एवढं करून पैसे पाठवण्यापेक्षा पोरगं शेजारच्या खोलीतल्याच्या फोनवरून पाठवतं. त्यात झेरॉक्सचे दोन रुपयेसुद्धा आता लोक स्कॅन करतात. दोन रुपये! दिवसभर तो डबा बोंबलत असतो आणि गल्ल्यात एक नाणं पडत नाही. म्हणजे नोटा येणं बंद आणि नोटा मागणारे वाढले. ऑगस्ट २०२५ ला यूपीआयचे एका महिन्यात २००० कोटींवर व्यवहार झाले अशी बातमी होती, आणि त्याच वेळी देशात फिरणाऱ्या नोटा नोटाबंदीच्या आधीच्या जवळपास दुप्पट आहेत. दोन्ही खरं आहे. त्या दुप्पट नोटा कुठं फिरतात देव जाणे, माझ्या गल्लीत तरी फिरत नाहीत.

बँकेतून काढा म्हणाल, तर रोज टोकन घेऊन तासभर कोण उभं राहणार, दुकानाला कुलूप लावून. आणि कॅशिअर देतो सगळ्या पाचशेच्या. हजार काढणाऱ्या काकांना पाचशेच्या दोन दिल्या की म्हणतात सुट्टे दे रे, रिक्षावाला घेत नाही. २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं एटीएममध्ये शंभर-दोनशेच्या नोटा ठेवायलाच लावल्या म्हणे, जिथं मिळतील तिथून मी गोळा करतो.

मग मी माणसं जोडली. पहाटे मार्केट यार्डातून माल आणून विकणाऱ्या दोन भाजीवाल्या, एक पेपरवाला आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यावरचे गिरणीवाले काका. काका रोज रात्री पिठानं पांढरी झालेली कापडी पिशवी घेऊन यायचे, सगळं दहा, वीस, पन्नास, शंभर, माझ्यासाठी सोनं. मी वॉलेटमधून माझ्या खात्यात घेऊन त्यांच्या खात्यात टाकायचो. त्यांचा बँकेत भरणा करायचा त्रास वाचायचा, माझ्याकडची बायकांची रांग निघायची. नोटांना पिठाचा वास यायचा, मोजताना शिंका यायच्या. वर्षभर हे मस्त चाललं.

जुलै २०२५ ला बेंगळुरूमध्ये यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि तिकडं लोकांनी "फक्त रोख"चे कागद चिकटवले, ते फोटो व्हॉट्सॲपवरून काकांपर्यंत पोचले. रात्री पिशवी न घेता आले. "माझ्या खात्यावर रोज पैसे नको टाकूस, उद्या मला नोटीस येईल." मी सांगितलं काका, वर्षाला वीस लाखांच्या आत धंदा आहे तुमचा, आणि दळणाचं काय लावणारेत. काका म्हणाले, "ते मला कळतंय, त्यांना कळेल का?" याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. गिरणीवरचा क्यूआर उलटा करून ठेवला, पाटी लावली, रोख. पंधरा दिवसांत निम्मं गिऱ्हाइक खालच्या गिरणीला गेलं, मग क्यूआर परत सुलटा. पण पिशवी काही पहिल्यासारखी आली नाही, आठवड्यातून एकदा, तीसुद्धा कुरकुरत.

आता ती शिक्षा. त्याआधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट, रात्री सव्वानऊ, शटर अर्धं खाली. एक पोरगा आला, चांगल्या घरचा दिसणारा, मित्र हॉस्पिटलात ॲडमिट आहे, काउंटरला रोख मागतात, ९,००० यूपीआय करतो, रोख द्या, वर शंभर घ्या. हे आमच्या कामात बसतच नाही, आमचं काम अंगठ्याचं, पण शंभर रुपये म्हणजे पंचवीस मावश्यांचं कमिशन. दिले. नंबर घेतला नाही, काही नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी सेटलमेंट लावलं, म्हणजे वॉलेटमधले पैसे बँकेच्या खात्यात घेतले, खात्यात जमा दिसतंय पण बाहेर काही निघेना. बॅलन्स आहे, वापरायला शून्य. शाखेत गेलो तर साहेबांनी एक प्रिंट दिली, दुसऱ्या राज्यातल्या सायबरची तक्रार, तिचा नंबर आणि खातं गोठवल्याचा शेरा. कुणाला तरी तिकडं फसवलं, त्यानं १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, त्याचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळाले आणि त्यातले नऊ हजार चौथ्या थरावर माझ्याकडं. तो पोरगा माझ्याकडनं नोटा घेऊन गेला म्हणजे माग तिथंच तुटला. चोराला एटीएम लागतं, तिथं कॅमेरा असतो, इथं मी होतो. माझ्या दुकानातपण कॅमेरा आहे पण त्यात पंधराच दिवसांचं राहतं.

साहेब म्हणाले आमच्या हातात काही नाही, तिकडच्या तपास अधिकाऱ्याला मेल करा. मेल केले, एकूण अकरा. शॉप ॲक्ट, बीसीचं सर्टिफिकेट, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, वहीच्या पानांचे फोटो, सगळं जोडून. फोन लागला की तिकडून म्हणायचे साहेब बंदोबस्ताला गेलेत. शिवाजीनगरला सायबरला जाऊन आलो, त्यांनी नीट ऐकून घेतलं, सांगितलं की तक्रार त्या राज्याची आहे, खुलं करायचं पत्र तिकडूनच यावं लागतं. पोर्टलला बायकोचं खातं जोडू म्हटलं तर एजंट मी, खातं माझ्याच नावाचं लागतं, दुसऱ्या बँकेत नवीन उघडून, चेक, केवायसी होऊन चालू व्हायला अठरा दिवस. तोवर मशीन बंद, बाइकचा हप्ता बाउन्स, आणि गल्लीत चर्चा की अंगठ्यावाल्याला पोलिसांनी धरलं. ४७ व्या दिवशी खातं खुलं झालं, त्या नऊ हजारांवरचा होल्ड सोडून. तो आजही आहे, स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला दिसतो.

म्हणून ज्यांना मशीन घ्यायचंय त्यांना एवढंच, की सेटलमेंटचं खातं वेगळं ठेवा, घरखर्चाचं त्यात आणू नका, आणि अनोळखी माणसाला स्कॅनवर रोख देऊ नका, कितीही रडला तरी. आणि घेऊन ठेवलंय, कधीतरी वापरू असं चालत नाही, १ जानेवारी २०२६ पासून तीन महिने व्यवहार नसेल तर केवायसी पुन्हा पहिल्यापासून. बाकी कमिशनचं वर लिहिलंच आहे, पाहिजे तर गुणाकार करून बघा.

काल रात्री दिवसाचा हिशोब लावत होतो, वॉलेटला ३८,२०० आणि गल्ल्यात १,१४०. गिरणीवाले काका आले. मी खूश, म्हटलं आज पिशवी, आणि काउंटर मोकळा करायला लागलो. काका स्टूल ओढून बसले, हात पँटीला पुसले आणि बोट पुढं केलं. म्हणाले, "द्यायला नाय आलो, न्यायला आलोय. गिऱ्हाइक सगळं स्कॅनच करतंय आता, आणि सकाळी गिरणीचा पट्टा बदलणारा येणारे, तो रोखच मागतो. दोन हजार आहेत का?"

त्यांचं बोट चार वेळा लागलं नाही, पीठ. पाचव्यांदा लागलं. हजार काढले, गल्ल्यातल्या पाचशेच्या दोन्ही त्यांना दिल्या, उरलेल्या हजाराला म्हटलं काका, सकाळी सातला या, भाजीवाल्या आल्या की बघतो.